जुना संगणक, नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि मराठी दफ्तर : एक चिकित्सा

प्रस्तावना

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. त्यानंतर शासकीय कार्यालयांप्रमाणेच जिल्ह्यातील शिक्षणसंस्थांनाही आपली पत्रशीर्षे, दाखल्यांचे नमुने, प्रवेश अर्ज आणि परिपत्रके यांतील जिल्ह्याचे नाव बदलणे क्रमप्राप्त ठरले. संगणकावर हे काम वस्तुतः एका आज्ञेचे आहे. जुना शब्द शोधावा आणि त्याच्या जागी नवा घालावा. परंतु ज्या कार्यालयातील मजकूर वीस वर्षांपूर्वी 'कृतिदेव' किंवा 'श्री-लिपी' यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे, तेथे 'उस्मानाबाद' हा शब्द पडद्यावर स्पष्ट दिसत असूनही युनिकोडमध्ये टंकून शोधल्यास सापडत नाही. संगणकाच्या लेखी तो शब्द त्या कागदात नसतोच. तेथे असतात ती काही रोमन अक्षरे, आणि त्यांना देवनागरीचा वेश चढवणारा एक फॉन्ट.

या अनुभवाचा संबंध वरवर पाहता दूरच्या वाटणाऱ्या दुसऱ्या एका घटनेशी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार संपला. त्याबरोबर, चालू स्थितीत असलेल्या परंतु 'विंडोज ११'ला अपात्र ठरणाऱ्या संगणकांचे काय करावे, हा प्रश्न महाविद्यालयांपुढे उभा राहिला. या प्रश्नाचे एक उत्तर बऱ्याच काळापासून दिले जाते, ते म्हणजे जुन्या संगणकावर लिनक्स बसवावे. निती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक असलेल्या या जिल्ह्यात ते आर्थिकदृष्ट्या आकर्षक आहे, यात शंका नाही. मात्र या उत्तराचे परीक्षण आजवर ज्या निकषांवर होत आले ते निकष अपुरे आहेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. नवी प्रणाली जुन्या यंत्रावर किती वेगाने चालते यापेक्षा, ती संस्थेचे जुने मराठी दफ्तर वाचू शकते काय, हा मराठी महाविद्यालयापुरता पहिला प्रश्न असायला हवा.

'जुना' या विशेषणाचे दोन अर्थ

संगणक दोन प्रकारे जुना होतो. एक झिजून जुना होतो आणि दुसरा घोषणेने. २००५ च्या सुमारास घेतलेला पेंटियम ४ प्रोसेसरचा, ५१२ एमबी स्मृतीचा, काचेच्या जड मॉनिटरचा संगणक हा पहिल्या प्रकारचा. त्याच्या मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले असतात, घड्याळाचा सेल संपलेला असतो. याउलट २०१६-१७ मध्ये खरेदी केलेला आय-३ प्रोसेसरचा, चार जीबी स्मृतीचा संगणक हा दुसऱ्या प्रकारचा होय. त्याची यंत्रणा धडधाकट आहे. 'विंडोज ११'च्या अटींत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आवश्यक ठरवला गेल्याने तो एका तारखेला जुना ठरला, एवढेच.

लिनक्सविषयीच्या प्रचारात या दोन्ही प्रकारांची सर्रास गल्लत केली जाते. 'कोणत्याही जुन्या संगणकाला नवजीवन' हे वाक्य दुसऱ्या प्रकाराबाबत खरे आहे. पहिल्या प्रकाराबाबत ते दिवसेंदिवस खोटे होत चालले आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसृत झालेल्या 'डेबियन १३'मध्ये ३२-बिट संगणकांसाठीचा स्वतंत्र इन्स्टॉलर राहिलेला नाही. उबुंटूने हा आधार त्याआधीच, २०१९ पर्यंत, टप्प्याटप्प्याने काढून घेतला होता. मोझिलानेही ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या देणे थांबवण्याचा निर्णय २०२५ मध्येच जाहीर केला. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. २००७ नंतरचे बहुतेक संगणक मुळात ६४-बिट क्षमतेचे आहेत, परंतु त्यांवर ३२-बिट विंडोज बसवले गेल्याने ते ३२-बिट समजले जातात. अशा संगणकांची तपासणी न करताच त्यांना भंगारात काढणे चुकीचे ठरेल.

प्रचलित परीक्षणपद्धती आणि तिच्या मर्यादा

नवी प्रणाली पारखण्याची रूढ पद्धत सर्वपरिचित आहे. पेनड्राइव्हवर प्रणालीची प्रत तयार करावी, संगणक तिच्यावरून सुरू करावा, हार्डडिस्कला हात न लावता पडदा, ध्वनी, नेटवर्क तपासावे, आणि समाधान झाल्यास ती कायमची बसवावी. पद्धत निर्धोक आहे आणि तिच्यातून बरेच कळते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप निवडला तर दोन जीबी स्मृतीचा संगणकही तत्परतेने सुरू होतो. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर फरक आणखी ठळकपणे जाणवतो. प्रात्यक्षिक पाहणारा प्राध्यापकवर्ग प्रभावित होतो, आणि अहवालात 'यशस्वी' असा शेरा पडतो.

वास्तविक या शेऱ्यात यशाचा भाग थोडाच असतो. पहिली गोष्ट अशी की आजच्या संगणकावरील ओझे ऑपरेटिंग सिस्टीमचे कमी आणि संकेतस्थळांचे अधिक असते. प्रणाली हलकी झाली तरी विद्यापीठाचे किंवा शिष्यवृत्तीचे पोर्टल हलके होत नाही. चार-पाच टॅब उघडताच दोन जीबीची स्मृती संपते. दुसरी गोष्ट उपकरणांची. भारतीय कार्यालयांत सर्वदूर पसरलेला 'एचपी लेझरजेट १०२०' हा प्रिंटर स्वतःचे फर्मवेअर साठवून ठेवत नाही. प्रत्येक वेळी सुरू करताना संगणकाने ते त्याला पुरवावे लागते. 'कॅनन एलबीपी २९००' हा तितकाच लोकप्रिय प्रिंटर स्वतःच्या खास भाषेत काम करतो आणि लिनक्सवर तो चालता करणे हा जाणकारांच्याही सहनशीलतेचा विषय आहे. पेनड्राइव्हवरच्या अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकात छपाई कोणी करून पाहत नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात मात्र दिवसाची सुरुवातच बोनाफाइड दाखल्याच्या छपाईने होते.

घड्याळाच्या सेलचेही असेच. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला की संगणकाची तारीख मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडत नाहीत, अद्ययावतीकरण अडते, आणि दोष नव्या प्रणालीच्या माथी मारला जातो. किरकोळ किमतीच्या सेलमुळे एखाद्या प्रयोगाचा निकाल लागू शकतो, ही बाब हास्यास्पद वाटली तरी जुन्या यंत्रांशी संबंध आलेल्यांना ती नवीन नाही.

अक्षरांचा प्रश्न

वरील अडचणी सुटण्याजोग्या आहेत, कारण त्या चटकन लक्षात येतात. खरी अडचण लक्षात येत नाही, आणि म्हणूनच ती अधिक गंभीर आहे.

मराठीचे संगणकावरील लेखन दोन युगांत विभागलेले आहे. विंडोज ९८ पर्यंत त्या प्रणालीत देवनागरी युनिकोडची सोयच नव्हती. ती 'विंडोज २०००'पासून आली. त्यानंतर आलेल्या 'विंडोज एक्सपी'मध्येही ती आपोआप उपलब्ध नसे. प्रादेशिक भाषांच्या रकान्यात जाऊन जटिल लिप्यांची सोय निवडावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. सीडी हाताशी नसणे हीच सर्वसाधारण स्थिती असल्याने बहुतेक कार्यालयांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी १९९० च्या दशकात रुळलेला मार्ग चालू ठेवला, तो म्हणजे रोमन अक्षरांच्या जागा देवनागरी आकारांना देणारे फॉन्ट. 'मराठी' हा शब्द कृतिदेवमध्ये टंकला की संगणक प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे साठवतो. फॉन्ट उपस्थित असेल तोवर वाचकाला 'मराठी' दिसते. तो नसलेल्या नव्या प्रणालीवर तीच फाइल उघडली की समोर येतो तो अर्थशून्य रोमन मजकूर.

यावर सुचवला जाणारा तात्काळ उपाय म्हणजे जुना फॉन्ट नव्या प्रणालीत नेऊन ठेवणे. परवान्याचा प्रश्न बाजूला ठेवला तर तांत्रिकदृष्ट्या तो शक्य आहे आणि कृतिदेवच्या साध्या फाइली त्यामुळे लिनक्सवरही दिसू लागतात. परंतु दिसणे म्हणजे वाचता येणे नव्हे. अशा फाइलीत शब्द शोधता येत नाही, विद्यार्थ्यांची यादी अकारविल्हे लावता येत नाही, शुद्धलेखनाची तपासणी होत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तर तेथे केवळ रोमन अक्षरांचा कोलाहल ऐकू येतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यानंतर ही बाब निव्वळ सोयी-गैरसोयीची राहिलेली नाही.

दुसरा उपाय रूपांतराचा. तो योग्य दिशेचा आहे, पण समजला जातो तितका सरळ नाही. 'विद्यार्थी' हा महाविद्यालयात सर्वाधिक वापरला जाणारा शब्द घेता येईल. कृतिदेवमध्ये त्यातील ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी टंकली जाते, कारण कागदावर ती आधी दिसते. रफार सर्वांत शेवटी येतो, कारण हात तेथे शेवटी पोहोचतो. युनिकोडमध्ये मात्र क्रम उच्चाराचा असतो. तेथे वेलांटी 'व'नंतर आणि अर्धा 'र' हा 'थ'च्या आधी येतो. म्हणजे रूपांतरात अक्षरामागे अक्षर ठेवून भागत नाही, तर संपूर्ण अक्षरगटाची पुनर्रचना करावी लागते. त्यात मजकूर मिश्र असेल तर आणखी गुंता होतो. मराठी वाक्यात मध्येच इंग्रजीतील विषयाचे नाव किंवा परीक्षा क्रमांकाची अक्षरे आली, तर परिवर्तक त्यांनाही कृतिदेव समजून देवनागरीत लोटतो. फाइलीतील कोणता भाग कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे पाहणारा परिवर्तक आणि सरसकट मजकूर बदलणारा परिवर्तक यांतील भेद न जाणता केलेले रूपांतर दफ्तराचे रक्षण करण्याऐवजी त्याची हानी करते.

युनिकोडमध्ये आले म्हणजे सर्व सुरळीत झाले, असेही नाही. 'ॲ' हे मराठीला आवश्यक असलेले स्वरचिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्यापूर्वीचे लेखन 'अ'वर चंद्र देऊन केले जाई. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. त्यामुळे 'ॲडमिशन' हा शब्द शोधला असता जुन्या नोंदी गळून पडू शकतात. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्ध्या 'र'चेही दोन प्रकारचे लेखन प्रचलित आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे व अक्षरांच्या वळणांचे प्रमाणीकरण केले. मात्र अक्षराचे वळण आणि अक्षराची साठवण या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि मराठीच्या प्राध्यापकांनी दुसरीकडे पुरेसे लक्ष दिले, असे म्हणता येत नाही. कित्येक महाविद्यालयीन नियतकालिकांनी लेखकांसाठीच्या सूचनांत वर्षानुवर्षे विशिष्ट फॉन्टचाच आग्रह धरला, ही वस्तुस्थिती येथे नमूद करणे आवश्यक आहे. ज्या लेखनाने ज्ञानाचा संचय व्हायचा ते शोधयंत्राला न दिसणाऱ्या रूपात साठवण्याचे काम स्वतः विद्वानांनीच केले.

मराठवाड्याला लिपीबदलाचा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीतील उर्दू कागद आणि त्याही आधीचे मोडी दफ्तर येथील संशोधकाला आजही प्रशिक्षण घेऊन वाचता येते, कारण कागदावरचे अक्षर अक्षरच राहते. फॉन्टच्या आधाराने जगणाऱ्या फाइलीचे तसे नाही. १९९३ च्या भूकंपानंतरची पुनर्वसनाची वर्षे आणि या फॉन्टांच्या प्रसाराची वर्षे एकच आहेत. त्या काळाविषयी या परिसरात टंकलेली टिपणे, सर्वेक्षणे आणि प्रबंध यांपैकी जे केवळ फ्लॉपीवर किंवा हार्डडिस्कवर उरले असेल, त्याचे वाचन मोडीपेक्षाही कठीण ठरू शकते.

'बॉस'ची कामगिरी

या पार्श्वभूमीवर भारतीय बनावटीच्या प्रणालीकडे पाहिले पाहिजे. प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजे सी-डॅकच्या, चेन्नई येथील शाखेत डेबियनच्या आधारे सिद्ध झालेली 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स' तथा 'बॉस' ही प्रणाली जानेवारी २००७ मध्ये प्रसृत झाली. शाळांसाठी 'एडुबॉस' ही तिची स्वतंत्र आवृत्तीही निघाली. भारतीय भाषांतील मेनू, इनस्क्रिप्ट कळफलक आणि कार्यालयीन कामाची साधने एकत्र देण्याचा हा प्रयत्न मोलाचा होता. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' हे भारतीय भाषांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले होते. त्यामुळे एक्सपीवरील सीडीची याचना न करता देवनागरी दाखवणारी प्रणाली या काळात मराठी वापरकर्त्याला विनामूल्य उपलब्ध होती, हे मान्य करावेच लागेल.

तरीही ही प्रणाली मराठी कार्यालयांत रुजली नाही. याचे खापर सामान्यतः वापरकर्त्यांच्या सवयीवर फोडले जाते. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून संगणकसाक्षर झालेल्या पिढ्यांना प्रामुख्याने विंडोज हाच संगणक म्हणून शिकवला गेला, हे खरे आहे. परंतु केवळ सवय हे कारण पुरेसे नाही. स्थानिकीकरणाची कल्पनाच येथे मेनूपुरती संकुचित झाली होती. 'सेव्ह'ला एका प्रकल्पात 'साठवा' तर दुसऱ्यात 'जतन करा' म्हणावे, 'फाइल'ला 'धारिका' म्हणावे की 'संचिका', यांवर भाषांतरकारांची शक्ती खर्च झाली. लिपिकाला मेनू मराठीत हवा होता काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. त्याला हवी होती ती कालपर्यंतची स्वतःची फाइल. फॉन्ट-परिवर्तके उपलब्ध होती, खुद्द सी-डॅकनेही तशी साधने विकसित केली होती, पण बहुतेक साधने विंडोजवर चालणारी होती. पुढे स्वयंसेवकांनी ब्राउझरमध्ये चालणारी परिवर्तके लिहिली. नव्या प्रणालीच्या पहिल्याच पडद्यावर 'जुनी मराठी कागदपत्रे येथे आणा' असे दार असायला हवे होते. ते कोठेच नव्हते. राष्ट्रीय प्रणाली म्हणून गौरवल्या गेलेल्या या उपक्रमावरील हा सर्वांत गंभीर आक्षेप होय.

सवयीचा युक्तिवाद किती तोकडा आहे याचा पुरावा जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या मार्गदर्शनाखाली देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांत राबवल्या गेलेल्या ई-न्यायालय प्रकल्पाने उबुंटू लिनक्सची खास आवृत्ती स्वीकारली. धाराशिवचे जिल्हा न्यायालय आणि त्याअंतर्गत न्यायालये याच प्रकल्पाच्या कक्षेत येतात. तेथील कर्मचारीही विंडोजवरच संगणक शिकलेले होते. परंतु तेथे प्रणालीबरोबर प्रशिक्षण आले, खटल्यांच्या नोंदींसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केलेली सीआयएस ही संगणकप्रणाली आली, आणि सर्वत्र एकच पद्धत आली. केरळातील शाळांचे उदाहरण याच जातीचे आहे. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने शिक्षकांना मुक्त प्रणालीवर प्रशिक्षित केले, पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीनुसार लिहून घेतली आणि यंत्रांच्या देखभालीची व्यवस्था उभी केली. दोन्ही ठिकाणी प्रणाली मोफत होती म्हणून टिकली नाही. तिच्या मागे संस्था उभी राहिली म्हणून ती टिकली. महाविद्यालयांत मात्र हा प्रयोग बहुधा एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या खांद्यावर असतो आणि त्याच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर संपतो.

प्रयोगाचा क्रम

यावरून महाविद्यालयीन प्रयोगाचा क्रम उलटा असावा, असे दिसते. आज प्रथम प्रणाली निवडली जाते, मग संगणक, आणि दफ्तराचा विचार सर्वांत शेवटी, बहुधा हार्डडिस्क पुसल्यानंतर होतो. त्याऐवजी प्रारंभ संस्थेतील फाइलींच्या पाहणीने व्हावा. कोणत्या फॉन्टमध्ये किती कागद आहेत, त्यांतील कोणते सेवा, निवृत्तिवेतन वा पदवीशी निगडित आहेत, कोणते केवळ जुने नमुने आहेत, हे आधी ठरावे. नमुन्यांचे रूपांतर करून त्यांत 'धाराशिव' घालावे. जुन्या नोंदींचे रूपांतर करताना मात्र 'उस्मानाबाद' जसेच्या तसे राहू द्यावे, कारण ती त्या काळाची नोंद आहे. रूपांतरित मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहण्याचे काम मराठी विभागाचे आहे, संगणक विभागाचे नव्हे. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा भाग होऊ शकते. लेखनपद्धती, वर्णक्रम आणि शुद्धलेखन यांचा त्याहून चांगला अभ्यास क्वचितच घडेल.

यंत्रांच्या बाबतीतही सरसकट धोरण नको. घोषणेने जुन्या ठरलेल्या, चार जीबी स्मृतीच्या संगणकांवर नवी प्रणाली निःशंकपणे बसवावी. प्रयोगशाळा, ग्रंथालयाची सूची आणि वाचनकक्ष यांसाठी ते पुष्कळ आहेत. झिजून जुन्या झालेल्या पेंटियम ४ वर श्रम करू नयेत. त्याची वीज आणि दुरुस्तीच त्याच्या मोलापेक्षा अधिक होते. याला एकच अपवाद करावा लागेल. 'श्री-लिपी'सारखे पॅकेज जुन्या काळी हार्डवेअर लॉकसह येत असे. ते कुलूप जोडल्याविना पॅकेज चालत नसे, आणि नव्या प्रणालीवर अशा कुलुपाचा भरवसा देता येत नाही. ज्या कार्यालयात असा एखादा संगणक अजून सुरू होतो, तेथे त्याच्यावर कोणतीही नवी प्रणाली बसवू नये. त्याचे इंटरनेट तोडावे, घड्याळाचा सेल बदलावा, हार्डडिस्कची एक प्रत काढून ठेवावी, आणि शेवटच्या फाइलीचे रूपांतर होऊन ती ताडून पाहिली जाईपर्यंत तो आहे त्या स्थितीत चालू ठेवावा.